मंजुरीपत्रावर नाव कोणाचे? देखभालीचे आणि अनुदानांचे वाचकांचे प्रश्न

कळव्यापासून खारघरपर्यंतच्या वाचकांनी या वेळी पाठवलेल्या पत्रांत भीती एकच आहे : एक अनुदान घेतले की दुसरे कापले जाईल का? पत्रे लिहिणारे बहुतेक जण घरातल्या दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करणारे आहेत. कोणी त्यासाठी नोकरी सोडली आहे, कोणी अर्ध्या दिवसाची धरली आहे. उत्तरे वाचण्याआधी कपाटातले मंजुरीपत्र काढून समोर ठेवा, नुसत्या पासबुकाने भागणार नाही. पैसे कोणाच्या खात्यात पडतात यापेक्षा लाभार्थी म्हणून नाव कोणाचे आहे, हे महत्त्वाचे. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, दिव्यांगत्व 85 टक्के. त्याला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, बँकेचे सगळे मीच बघते. मला लाडकी बहीणचे दीड हजार येतात. सेतू केंद्रावर एकाने सांगितले की दोन्ही घेतले तर दोन्ही बंद होतील, एक सोडून द्या. मिस्टर वागळे इस्टेटला कारखान्यात आहेत, हातात 14 हजार पडतात. काय करू? (वाचक, कळवा)

उत्तर : सेतूवाल्याने सांगितलेले कारण चूक आहे. मात्र तुमच्या पत्रात दुसरीकडे एक भोक आहे आणि ते त्याला दिसलेले नाही.

आधी त्याच्या कारणाचे बघू. लाडकी बहीण योजनेची अट अशी आहे की, त्या महिलेने स्वतः सरकारच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून महिन्याला 1500 रुपये किंवा जास्त घेतलेले नसावेत. निराधारचे पैसे तुमचे नाहीत, मुलाचे आहेत. मंजुरीपत्रावर लाभार्थी तो आहे, तुम्ही फक्त त्याच्या वतीने काढता. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून दीड हजारावरून अडीच हजार झाली, त्यानेही तुमच्या लाभाला धक्का लागत नाही. याच अटीचे दुसरे टोक शेतकरी महिलांना माहीत आहे : पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12 हजार, म्हणजे महिन्याला हजार त्यांच्याच नावावर येतात, म्हणून लाडकी बहीणमधून त्यांना फरकाचे 500 मिळतात. नियम माणसागणिक चालतो, घरागणिक नाही.

आता भोक. मिस्टरांचे 14 हजार गुणिले 12, म्हणजे 1 लाख 68 हजार. लाडकी बहीणची कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तिथे तुम्ही बसता. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी ही मर्यादा वर्षाला 50 हजार आहे. अर्ज केला तेव्हा मिस्टरांचे काम सुटलेले होते आणि दाखला खरा होता असे असू शकते. पण पुढच्या तपासणीत तहसील कार्यालय आजचे उत्पन्न विचारणार. इथे लोक फसतात ते असे : लाडकी बहीणसाठी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दिले की उत्पन्नाचा दाखला लागत नाही, त्यामुळे तिथे आकडा कुठे लिहिलाच जात नाही. मग निराधारसाठी 48 हजारांचा दाखला जोडतात, आणि त्याच वर्षी दुसऱ्या कामासाठी, समजा धाकट्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी, दीड लाखाचा. दोन्ही दाखले एकाच तहसीलदारांच्या सहीचे. या दोन योजना एकमेकींना मारत नाहीत, असे दोन दाखले मात्र मारतात, आणि मग वसुलीची नोटीस येते. खऱ्या उत्पन्नाचा एकच दाखला काढा आणि निराधार शाखेत स्वतः लेखी द्या. पोच घ्या. अडीच हजार जाण्याची शक्यता आहे, हे ऐकायला कडू आहे, पण मागून कापले जाण्यापेक्षा हे बरे.

अनुदान गेले तरी उत्पन्नाशी संबंध नसलेल्या गोष्टी जात नाहीत. मिस्टरांचा पगार 21 हजारांच्या आत आहे, म्हणजे कारखाना ईएसआय या कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात असेल तर तेही विमाधारक असणार. कमावत्यावर पूर्ण अवलंबून असलेले अपंग अपत्य ईएसआयच्या नियमांत वयाची अट न लावता कुटुंबात धरले जाते. बऱ्याच ठिकाणी मुलगा मोठा झाला की कार्डावरून नाव आपोआप गळते, ते दिव्यांग प्रमाणपत्र देऊन परत लावून घ्या. दुसरे, नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी ती आहे. वर्षाला 1 लाखापर्यंतचे संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. पैसे आधी भरून नंतर मागायचे असतात, म्हणून थेरपिस्टकडून प्रत्येक वेळी तारीख आणि सही-शिक्क्याची पावती घ्या. महिनाअखेरची एकत्र चिठ्ठी परत येते.

आणखी एक, बँकेचे. आता अनुदान खाते क्रमांकावर जात नाही, आधारला जे खाते जोडलेले असेल त्यात जाते, आणि एका आधारला एका वेळी एकच खाते या कामासाठी जोडता येते. मुलाच्या आधारला जुने, शाळेच्या शिष्यवृत्तीच्या वेळचे खाते जोडलेले राहिले असेल तर पैसे तिकडे पडत राहतात आणि घरी वाटते की अनुदान बंद झाले. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे कुठले खाते जोडलेले आहे त्याची, स्थिती दिसते, ती आधी बघा. मुलाची बोटे वळलेली असल्यामुळे ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंद करून मागा. ती सोय आहे, केंद्रचालक सांगत नाहीत इतकेच.

मुलगा 18 चा झाल्यावर आई ही कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे बहुतेक घरांत बँकेने अडवल्यावर कळते. या चार गटांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्व देते. न्यायालयात जावे लागत नाही. अर्ज नॅशनल ट्रस्टच्या पोर्टलवरून होतो. पालकत्व मिळाल्यापासून 6 महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत वर्षाचा हिशेब द्यायचा. मुलाकडे फक्त अनुदानाचे खाते असले तरी हिशेब द्यायचाच. एका वहीत डावीकडे जमा, उजवीकडे औषधे, डायपर, रिक्षा असे लिहीत गेलात तर जूनमध्ये धावपळ होत नाही.

प्रश्न : दिव्यांग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्यासाठी भत्ता आहे असे वाचले. अर्ज कुठे करायचा? मी भावासाठी नोकरी सोडली आहे. (वाचक, कोपरी)

उत्तर : कायद्यात आहे, तहसीलच्या खिडकीवर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये ज्या योजना सरकारने आखाव्यात असे म्हटले आहे, त्यांत जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ताही आहे. पण कलमाच्या सुरुवातीलाच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मेख मारून ठेवली आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापले केले. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये देते. आपल्याकडे तहसीलमधून चालणाऱ्या मासिक योजनांत सांभाळणाऱ्याच्या नावाचे असे काही नाही. म्हणूनच या पानावर सारखे ‘लाभार्थी कोण’ विचारावे लागते : आपल्याकडे सांभाळणाऱ्याला जे मिळते ते बाई म्हणून, विधवा म्हणून किंवा म्हातारी म्हणून मिळते. सांभाळते म्हणून काही मिळत नाही.

तरीही दोन गोष्टी करा. कलम 38 खाली भावासाठी ‘जास्त आधाराची गरज’ म्हणून तपासणीचा अर्ज करता येतो, तो लेखी द्या. आणि महापालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करा. महापालिकांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, त्यातून अर्थसाहाय्याच्या योजना निघतात. त्यांचे अर्ज वर्षातून ठरावीक मुदतीतच घेतले जातात आणि शहरातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नवी मुंबईकरांना वाशीच्या ईटीसी या महापालिकेच्या दिव्यांग केंद्रात माहिती मिळते. ही रक्कम भावाच्या नावावर येते, तुमच्या कुठल्याही लाभात ती धरली जाऊ नये.

तुमची नोकरी सुटली आहे, पण हे वाचणाऱ्यांत कोणी केंद्र सरकारी सेवेतली आई असेल आणि मूल दिव्यांग असेल, तर बालसंगोपन रजेला मुलाच्या वयाची अट नाही. पूर्ण सेवेत 730 दिवस, पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्के पगाराने. राजीनामा देण्याआधी ती वापरा.

प्रश्न : वय 52, विधवा. सासूबाई 78 वर्षांच्या, अंथरुणातच असतात, त्यांचे सगळे मीच करते. मला निराधारचे 1500 मिळतात. लाडकी बहीण नाकारली. सासूबाईंना श्रावणबाळ आहे. शेजारणीचे म्हणणे, सासूबाईंना केंद्राचे म्हातारपणाचे पेन्शन वेगळे मिळायला हवे. मी सकाळी दोन घरी पोळ्यांचे काम धरावे म्हणते, महिन्याला 6 हजार मिळतील. (वाचक, ऐरोली)

उत्तर : लाडकी बहीण नाकारली ते नियमाप्रमाणे आहे. इथे निराधारचे पैसे तुमच्याच नावावर आहेत आणि बरोबर 1500 आहेत. मधल्या काही महिन्यांत दोन्ही पडले असतील तर ते खर्चून मोकळे होऊ नका. लाडकी बहीण सोडत असल्याचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे किंवा महिला व बालविकास कार्यालयात देऊन पोच ठेवा.

शेजारणीचे अर्धे खरे आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन हे दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्यांसाठी आहे. केंद्राचा वाटा थोडा, 80 वर्षांपर्यंत 200 आणि पुढे 500 रुपये, आणि राज्य त्यात भर घालून एकूण 1500 करते. श्रावणबाळमध्येही 1500. म्हणजे वेगळे मिळून 1700 होत नाहीत, कुठल्या डोक्यावर किती भार टाकायचा हा सरकारचा आपापसातला हिशेब. सासूबाईंसाठी खरोखर वेगळी गोष्ट म्हणजे 70 वर्षांवरच्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. हा विमा आहे, रोख नाही, म्हणून कुठल्याच अनुदानाशी त्याची टक्कर होत नाही.

आता पोळ्यांचे काम. 6 हजारांनी वर्षाचे 72 हजार होतात, आणि विधवा म्हणून निराधार योजनेची मर्यादा आहे वर्षाला 21 हजार. ही मर्यादा शहरात कशी पाळायची ते ठरवणाऱ्यालाच ठाऊक, पण कागदावर तीच आहे. काम धरलेत तर निराधारला तुम्ही बसत नाही आणि तसे कळवावे लागेल. सासूबाई तुमच्याच रेशनकार्डावर असतील तर त्यांच्या श्रावणबाळचीही मर्यादा 21 हजारच, तिथेही प्रश्न येईल. उलट लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख, आणि तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, सासूबाई त्यात मोजल्या जात नाहीत. म्हणजे कमावती विधवा निराधारमध्ये बसत नाही, लाडकी बहीणमध्ये बसते. पण नुसते नियमात बसून भागत नाही. लाडकी बहीणची नवी नोंदणी कायम उघडी नसते. नोंदणी बंद असताना इकडचे नाव कमी झाले तर मधले महिने हात रिकामे. अंगणवाडीत आधी विचारा आणि ते महिने धरूनच कामाचे ठरवा. ई-केवायसीत पती किंवा वडिलांचे आधार मागतात, तुमच्याकडे मिस्टरांचा मृत्यूदाखला तयार हवा.

हिशेब मात्र सरळ करा. 6 हजार मिळवताना तुमचे 1500 आणि कदाचित सासूबाईंचे 1500 गेले तरी हातात 3 हजार जास्त उरतात. त्या दोन तासांत त्यांच्याजवळ बसायला कोणाला पैसे द्यावे लागले तर हे गणित उलटते. काम धरले नाही आणि निराधार चालू राहिले, तर 65 पूर्ण झाल्यावर तुम्ही श्रावणबाळमध्ये जाल, त्यात भर पडत नाही, फक्त योजनेचे नाव बदलते.

प्रश्न : वडील रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झाले, गेल्या वर्षी वारले. आईला पीएफ पेन्शनचे 2400 मिळतात. धाकटा भाऊ 30 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, 75 टक्के. त्याच्या नावाने पेन्शन मागितली तर आईची कमी होईल का? मी महापे येथे नोकरीला आहे, आम्ही एकत्र राहतो. (वाचक, घणसोली)

उत्तर : कमी होणार नाही. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 मध्ये अपत्याची पेन्शन ही विधवेच्या पेन्शनशिवाय मिळते, तिच्यातून कापून नाही. विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के, कमीत कमी 250 रुपये. तुमच्याकडे ती 600 होईल. एरवी ती 25 वर्षांपर्यंतच असते आणि एका वेळी दोनच अपत्यांना, पण कायमचे आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला वय आणि संख्या दोन्ही अटी लागू नाहीत. आईच्या पश्चात त्याला अनाथ अपत्य म्हणून 75 टक्के, म्हणजे 1800 मिळतील.

अडते ते ‘कायमचे आणि पूर्ण’ या शब्दांपाशी. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावर टक्के असतात, हे शब्द नसतात. पीएफ कार्यालय 75 टक्क्यांकडे बोट दाखवून परत पाठवते. म्हणून ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून, तो स्वतः उपजीविका करू शकत नाही आणि अपंगत्व कायमचे आहे, असे शब्दांत लिहिलेले प्रमाणपत्र घ्या. वडिलांनी पेन्शनसाठी भरलेल्या मूळ 10-डी फॉर्मवर कुटुंबाच्या तपशिलात भावाचे नाव आहे का, तेही काढा. नसेल तर जन्मदाखला आणि रेशनकार्ड जोडून नाव लावण्याचा अर्ज पेन्शनच्या अर्जाबरोबरच द्या, मागून नको. आई आहे तोवर पैसे तिच्यामार्फत येतील. तिच्यानंतर कायदेशीर पालकाचे प्रमाणपत्र मागतात, ते स्थानिक स्तर समितीकडून आताच काढून ठेवा.

या पेन्शनला घरच्या उत्पन्नाची अट नाही, म्हणून तुमचा पगार आड येत नाही. निराधार योजनेत मात्र तुमच्या पगारामुळे त्याचा अर्ज टिकणार नाही. तिथे फॉर्मवर तुमचे उत्पन्न न दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : बहीण 90 टक्के दिव्यांग, खर्च आम्ही दोघे भाऊ करतो. दोघांना 80डीडीची, म्हणजे दिव्यांग नातेवाइकाला सांभाळणाऱ्याची आयकरातली, सूट मिळेल का? माझी बायको तिच्या सासूबाईंचे, म्हणजे माझ्या आईचे, सगळे करते आणि कर भरते, तिला आईसाठी मिळेल का? (वाचक, नौपाडा)

उत्तर : बहीण मुख्यतः ज्याच्यावर अवलंबून आहे त्याने घ्यावी, वाटून मिळत नाही. रक्कम खर्चाशी बांधलेली नाही : 40 टक्क्यांपासून 75 हजार, 80 टक्के आणि पुढे सव्वा लाख. बहिणीने स्वतःच्या विवरणपत्रात 80यू, म्हणजे दिव्यांग करदात्याची स्वतःची वजावट, घेतली असेल तर भावाला 80डीडी नाही. बायकोला सासूसाठी मिळत नाही, कारण यादीत पती-पत्नी, मुले, आईवडील आणि भावंडेच आहेत. आईचे दिव्यांग प्रमाणपत्र असेल आणि ती तुमच्यावर अवलंबून असेल तर तुम्ही घेऊ शकता. हे सगळे जुन्या कररचनेतच. नव्या रचनेत ही वजावट नाही आणि आता काही निवडले नाही तर नवीच धरली जाते, म्हणून आधी दोन्हींचा कर मांडून बघा. ही कलमे 1961 च्या कायद्यातली. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत.

प्रश्न : मी केंद्र सरकारी कार्यालयातून निवृत्त, वय 66, पती नाहीत. एकुलती मुलगी 31, ऑटिझम, 70 टक्के. ती कार्यशाळेत कागदी पिशव्या करून महिन्याला 3 हजार मिळवते. तिच्यासाठी संजय गांधीचा अर्ज ठाण्याला करायचा का? माझ्यानंतर पेन्शनचे काय? (वाचक, खारघर)

उत्तर : अर्ज ठाण्याला चालणारच नाही. खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतात. तहसील पनवेल आणि पालकत्वाची समिती अलिबागला. नवी मुंबई महापालिकेचा भाग, बेलापूरपासून दिघ्यापर्यंत, ठाणे तालुक्यात. हे न बघता लोक महिनाभर चुकीच्या खिडकीवर जातात. पण तुम्ही तो अर्ज करूच नका. केंद्राची किमान पेन्शनच महिन्याला 9 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार होते. 50 हजारांची मर्यादा तिथेच ओलांडली. लाडकी बहीणमध्येही, घरात सरकारी निवृत्तीवेतनधारक असल्यामुळे, ती बसत नाही.

तिच्यासाठी मोठी गोष्ट कुटुंब निवृत्तीवेतन आहे आणि ते तिला आयुष्यभर मिळू शकते. दिव्यांग अपत्यासाठी उत्पन्नाची अट 2021 मध्ये सैल झाली : तिची स्वतःची कमाई साधारण दराच्या कुटुंब निवृत्तीवेतनापेक्षा, म्हणजे तुमच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा, कमी हवी. 3 हजारांनी काही बिघडत नाही. कार्यशाळा सोडवू नका.

काम तुमच्या हयातीतच करायचे. जुन्या कार्यालयाला मुलीचे दिव्यांग प्रमाणपत्र, जन्मदाखला, तिचे आधार आणि तुमच्या पेन्शन आदेशाची प्रत देऊन तिचे नाव आदेशात लावून मागा. त्याच अर्जात तिच्यासाठी पालकाचे नामनिर्देशन करा. ते असेल तर बँकेने न्यायालयाचे पालकत्व प्रमाणपत्र मागू नये असे केंद्राचे आदेश आहेत, पण काउंटरवरचा माणूस मागतो, म्हणून त्या आदेशाची प्रत फाइलमध्ये हवी. प्रमाणपत्रावर अपंगत्व ‘कायमचे’ असे असेल तर पुन्हा तपासणी नाही, ‘तात्पुरते’ असेल तर दर 5 वर्षांनी. जुनी प्रमाणपत्रे नीट वाचा, एका शब्दाने माणूस दर पाच वर्षांनी हेलपाटे घालतो. आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर 75 हजारांची वजावट घ्या, ऑटिझमसाठी वेगळ्या फॉर्मवरचे प्रमाणपत्र लागते (1961 च्या कायद्याखाली तो 10-आयए होता).

प्रश्न : माझी बहीण इंग्लंडला, लेस्टरमध्ये असते, तिकडचीच नागरिक आहे. तिच्या सासूबाई तीन गल्ल्या सोडून एकट्या राहतात, वय 84. बहीण रोज तिथे असते, शिवाय गोदामात थोडे तास काम करते. केअरर्स अलाउन्स (सांभाळणाऱ्याचा भत्ता) मागितला तर सासूबाईंचे पैसे कमी होतील अशी तिला भीती आहे. आम्ही इथे वाशीत बसून काय सांगणार? (वाचक, वाशी)

उत्तर : तिची भीती रास्त आहे. तिकडे सांभाळणाऱ्याच्या नावाने खरोखर पैसे मिळतात, आणि म्हणूनच ते दुसऱ्या पैशांना अडतात.

2025-26 मध्ये केअरर्स अलाउन्स आठवड्याला 83.30 पौंड होता; इथले सगळे आकडे त्याच वर्षाचे आहेत, चालू आकडे तिने बघून घ्यावेत. अट अशी की आठवड्याला किमान 35 तास सांभाळले पाहिजे आणि सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्ससारखा, म्हणजे मदतीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा, पात्र भत्ता चालू हवा. बहिणीची कमाई कर वगैरे वजा जाता आठवड्याला 196 पौंडांच्या आत हवी. तिकडच्या 12.21 पौंड किमान वेतनाने हे जेमतेम 16 तास होतात. एक पेनी जरी वर गेली तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो, थोडा कमी होत नाही. ख्रिसमसच्या आठवड्यात गोदामात जादा तास मिळतात आणि तिथेच गाडी अडते. मागाहून वसुली निघते ती वर्षांची एकत्र. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेव आणि कमाई बदलली की लगेच कळव, हे तिला सांगा.

सासूबाईंचे बघा. त्यांना पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांची सरकारी मदत, मिळत असेल आणि त्यात तीव्र दिव्यांगत्वाची भर असेल, तर ती आठवड्याला 82.90 पौंड असते. एकटे राहणाऱ्याला ती मिळते, पण त्यांच्यासाठी कोणाला केअरर्स अलाउन्स प्रत्यक्ष दिला जात असेल तर बंद होते. म्हणजे बहिणीला 83.30 मिळणार आणि सासूबाईंचे 82.90 जाणार, दोन्ही घरे मिळून फायदा आठवड्याला जेमतेम 40 पेन्सचा. बहीण युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमावत्या वयातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी मदतीवर, असेल तर आणखी वाईट, कारण अलाउन्सची रक्कम तिथे पौंडास पौंड वजा होते. काळजीवाहकाची वेगळी रक्कम त्यात मिळते खरी, पण तीही सासूबाईंच्या त्या भरीला मारते. सासूबाईंना ती भर मुळात मिळतच नसेल, तर मात्र बहिणीने आजच अर्ज करावा. सासूबाईंचा अटेंडन्स अलाउन्स याने कमी होत नाही.

बहीण पेन्शनच्या वयाची झाली असेल तर तिसराच नियम : स्टेट पेन्शन आणि केअरर्स अलाउन्स एकावर एक मिळत नाहीत. पेन्शन जास्त असेल तर अलाउन्स शून्य. तरीही अर्ज करण्यात अर्थ असतो, कारण हक्क कागदावर मान्य झाला की उत्पन्न कमी असणाऱ्यांना पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला 46.40 पौंडांची भर मिळू शकते. आणि हातात प्रत्यक्ष अलाउन्स पडत नसल्यामुळे सासूबाईंची 82.90 ची भरही शाबूत राहते. तेव्हा बहिणीला आधी सासूबाईंचे पेन्शन क्रेडिटचे शेवटचे पत्र उघडून त्यात ही भर लिहिली आहे का ते वाचायला सांगा, फॉर्म नंतर.